बिजागरीवरची मौली

धुळीचं मला अजिबात कौतुक नाही. तरीही गेली एकतीस वर्षं मी जयपुरात धुळीवरच पोट भरते आहे.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली माझी प्रयोगशाळा आहे. तिथे दोन म्हशी सहज मावतील एवढी एक लोखंडी खोली आहे. तिच्यात पंखे लावून सहा-सहा तास धूळ उडवायची आणि आत ठेवलेल्या वस्तूत ती शिरते का ते बघायचं, हे आमचं काम. विजेचे मीटर, मोटारींचे दिवे, रेल्वेच्या सिग्नलच्या पेट्या, जे येईल ते आम्ही तपासतो. धूळ फलोदीकडून पोत्यांतून येते आणि ती चाळायला आमचे गुलाबराव बसतात. गुलाबराव मूळचे ग्वाल्हेरचे, माझ्याही आधीपासून इथे तंत्रज्ञ. त्यांची चाळणी आणि माझी सही यांवर अजून कुणी बोट ठेवलेलं नव्हतं, आणि याचा मला थोडा गर्वही होता. थोडा म्हणजे बराच.

माझी एक खोड आहे. चाचणीला ठेवायच्या पेटीच्या तळाशी मी सांगानेरी मलमलचा पांढरा तुकडा अंथरते. नियमावलीत असलं काही लिहिलेलं नाही. पण मिरजेला आई गच्चीवर पापड वाळत घालायची ते बाबांच्या पांढऱ्या धोतरावर, कारण त्यावर मुंगीसुद्धा लपत नाही. धुळीच्या कणालाही तोच न्याय मी लावला. यंत्र काय वाट्टेल ते सांगो, कापड पांढरं निघालं तरच सुहासिनी खळदकर सही करते, हे आता गिऱ्हाइकांनाही पाठ झालं आहे.

लष्कराचं पहिलं पत्र आलं तेव्हा माझी लेक अवनी नववीत होती. शत्रूची विमानं आणि ड्रोन जमिनीवरून पाडणारी नवी क्षेपणास्त्रं देशाला घ्यायची होती. ती कुठली, किती, त्यांचं रडार कुणाचं, हे ठरवणारी मंडळी दिल्लीत होती. आमच्याकडे यायचा होता फक्त एक डबा. ज्या ट्रकवरून क्षेपणास्त्र सुटतं त्या ट्रकच्या पाठीवर बसणारा, फ्रिजएवढा, आणि आत त्या ट्रकचा सगळा मेंदू. वाळवंटात त्याच्यात धूळ जाते की नाही, एवढंच आम्ही सांगायचं होतं.

पत्रानंतर प्रत्यक्ष डबा यायला चौदा वर्षं लागली. मधल्या काळात आराखडे बदलले, एक परदेशी कंपनी आली आणि गेली, समितीचे चार कर्नल निवृत्त होऊन पाचवे आले. अवनी गोपालपुऱ्याचे क्लास करून मेडिकलला गेली आणि डॉक्टर होऊन बाहेरही पडली. माझे यजमान उमाकांत विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि सोडाल्याच्या घरात बसून रोज संध्याकाळी माझ्या डब्याची चौकशी करू लागले. "तुझ्या क्षेपणास्त्रापेक्षा आमच्या पॉलिस्या लवकर पिकतात," असं ते पाहुण्यांसमोरही म्हणायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

शेवटी मागच्या ऑक्टोबरात डबा आला, आणि तोही आपल्याच गावातला. त्याचं दार आणि दाराभोवतीची रबरी पट्टी सीतापुऱ्यात देवेंद्रच्या कारखान्यात बनली होती. देवेंद्र माझा जुना विद्यार्थी. वडील बँकेतले, बदलीवर आले आणि इथलेच झाले. पोराचं मराठी दर तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरतं, पण हातात कसब आहे. त्या दाराचे तीन नमुने मी नापास केले होते. चौथ्या वेळी सहा तासांच्या तीन चाचण्या घेतल्या, तिन्ही वेळा कापड दुधासारखं पांढरं निघालं. मी प्रमाणपत्रावर सही केली. देवेंद्र वाकून पाया पडला, तेव्हा मी त्याला आधी हात धुऊन ये म्हणाले, कारण तो धुळीने माखला होता.

आता मौलीचं सांगते. मौली म्हणजे आपल्याकडची नाडाछडी, पूजेत मनगटाला बांधतात तो लाल-पिवळा दोरा. जयपुरात तो मनगटावर थांबत नाही. स्कूटरला, दुकानाच्या शटरला, नव्या कूलरला, बोअरवेलच्या पंपाला, सगळ्यांना बांधतात. गुलाबराव आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेटीला मौली बांधू बघायचे आणि मी प्रत्येक वेळी त्यांना झापायची. प्रयोगशाळेत लिंबू-मिरची, नारळ, दोरे काही चालणार नाही, हे मी दारावर पाटी लावायच्या थराला जाऊन सांगितलं होतं.

पण त्याच वर्षी मे महिन्यात अवनी बाडमेरच्या सरकारी इस्पितळात होती. सीमेपलीकडून रात्री ड्रोन यायचे आणि सगळं गाव दिवे मालवून बसायचं. ती वॉर्डातून फोन करायची आणि हळू आवाजात म्हणायची, "आई, वर काहीतरी घरघरतं आणि मग एकदम फटका. मतलब, आपल्याच लोकांनी पाडलं असणार ना?" मी इथे सोडाल्यात सोफ्यावर बसून "हो" म्हणायची. मला काय ठाऊक असणार? चार रात्री मी ते "हो" म्हणत राहिले आणि माझ्याच आवाजाची मला चीड येत होती.

म्हणून डबा फायरिंग रेंजवर निघाला त्या सकाळी, गुलाबराव खिशातली मौली लपवत होते तेव्हा मी हात पुढे केला. "द्या इकडे," मी म्हटलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. दाराच्या मुठीवर सील लावलेलं होतं, म्हणून मी वरच्या बिजागरीला मौली गुंडाळली, तीन गाठी मारल्या आणि अवनीचं नाव मनात घेतलं. उरलेलं वीतभर टोक तसंच लोंबत ठेवलं. कात्री आणायला गेले असते तर पुन्हा विचार केला असता.

पाच आठवड्यांनी डबा परत आला. सोबत पत्र होतं. रेंजवर ट्रकमागून ट्रक पळवून धुरळा उठवला होता, चार दिवसांनी डबा उघडला आणि आत धूळ सापडली. क्षेपणास्त्र सोडायच्या आधीच चाचणी थांबवावी लागली. पुढच्या गुरुवारी समिती जयपुरात येऊन चौकशी करणार होती. पत्रातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: दार सदोष आहे किंवा प्रमाणपत्र सदोष आहे, याचा खुलासा व्हावा.

देवेंद्र त्याच दुपारी आला. चेहरा उतरलेला. "मॅडम, रबर मी स्वतः चिपकवलं होतं. मतलब, मी खुद पाहिलं होतं."

"मीही पाहिलं होतं," मी म्हटलं.

"मग कोणाचं चुकलं?"

"गुरुवारपर्यंत कळेल. तोवर तोंड पाडून इथे बसू नकोस, स्टूल उचलून आण."

बोलायला बोलले, पण माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं. एकतीस वर्षांत माझी सही खोटी पडली नव्हती. आणि नेमकी ती याच डब्यावर पडावी, याचं मला फार वाईट वाटत होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. लोकांना शेवटची गोष्टच लक्षात राहते.

आम्ही डबा जसा होता तसा पुन्हा धुळीच्या खोलीत ठेवला. नवीन कापड अंथरलं, दार लावलं, सहा तास पंखे फिरवले. उघडला तर कापड पांढरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. देवेंद्रला आनंद झाला आणि मला धडकी भरली. इथे जात नाही आणि तिथे जाते, याचा अर्थ समिती एकच काढणार, की मॅडमची खोलीच बिनकामाची आहे.

मग मी डब्याच्या तळाशी राहून रेंजवर जाऊन आलेलं जुनं कापड टेबलावर पसरलं. इतके दिवस मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, बघवत नव्हतं म्हणा. आता भिंग घेऊन बसले. रबर खराब असतं तर धूळ चारी कडांनी आली असती. इथे ती एकाच कोपऱ्यात होती, रांगोळीची चिमूट सोडावी तशी एक बारीक रेघ. वरच्या बिजागरीच्या बरोबर खाली.

मी मान वर केली आणि डब्याकडे पाहिलं. मौली तिथेच होती. रेंजवर ती कुणी सोडली नव्हती, परत आल्यावर आमच्यापैकीही कुणी तिला हात लावला नव्हता. आठवडाभर आम्ही तिघे त्या दाराभोवती फिरत होतो आणि ती आम्हाला दिसत नव्हती, कारण या गावात मौली नसलेली वस्तूच डोळ्यांना खटकते. मी तिचं लोंबणारं टोक हातात घेतलं. दोन बोटं रुंदीएवढा भाग इस्त्री केल्यासारखा चपटा झाला होता. रबरावर त्याच जागी फिकट लाल डाग होता.

रेंजवर केबली जोडायला दार उघडलं असणार, आणि परत लावताना ते टोक आत अडकलं असणार. आम्ही इथे लावलं तेव्हा ते बाहेर राहिलं, एवढाच फरक. खात्री करून घ्यायला मी ते टोक मुद्दाम दारात धरून दार लावलं आणि तिसऱ्यांदा धूळ उडवली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा कापडावर तीच रेघ होती.

देवेंद्र आनंदाने जवळजवळ ओरडलाच. गुलाबराव मात्र धूळ चाळत राहिले. देवेंद्र गेल्यावर त्यांनी चाळणी बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"बाईसाहेब, मी बांधली असं सांगा."

"काय?"

"सगळ्यांना पता आहे, मौली म्हणजे गुलाबराव. मार्चमध्ये मी रिटायर होतोय. माझं कोण काय बिघडवणार? तुमच्या कागदाला डाग नको."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला तो मार्ग बरा वाटला. कुणी शंकासुद्धा घेतली नसती. मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. पस्तीस वर्षं चाळून चाळून बोटांच्या रेषा धुळीने भरलेल्या. "तुमची चाळणी मी कधी तपासली नाही गुलाबराव," मी म्हटलं, "आणि माझी चूक तुमच्या नावावर घालू? चहा टाका."

घरी उमाकांतांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मौली तू बांधलीस? तू?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मला वाटलं आता वर्षभर चिडवायला यांना खाद्य मिळालं. पण त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "त्या चार रात्री मी देवघरात जाऊन बसायचो. तुला सांगितलं नाही, तू झापलं असतंस." त्या रात्री आम्ही दोघेही भात जरा जास्तच जेवलो.

गुरुवारी समिती आली. पाच अधिकारी, मध्यभागी कर्नल शेखावत. उंच, कमी बोलणारे आणि घड्याळाकडे बघणारे गृहस्थ. टोंक रोडच्या गर्दीत अर्धा तास अडकून आल्यामुळे आधीच वैतागलेले. मी तीन कापडं टेबलावर मांडली: रेंजवरचं, इथलं पांढरं आणि मौली अडकवून काढलेलं. मौलीचं चपटं टोक दाखवलं, रबरावरचा डाग दाखवला. सगळे वाकून पाहत होते.

"यानी दरवाज़ा ठीक है," कर्नल म्हणाले.

"दार उत्तम आहे. प्रमाणपत्रही खरं आहे."

"फिर ये धागा किसने बाँधा?"

गुलाबराव माझ्या मागे उभे होते. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलेलं मला जाणवलं.

"मैंने बाँधा, सर," मी म्हटलं. "चाचणी संपल्यावर, माझ्या हाताने. माझी मुलगी बाडमेरला डॉक्टर आहे. मे महिन्यात तिथेच होती. हा डबा तिच्या डोक्यावरचं आकाश राखणार, असं मनात आलं आणि बांधला. चूक माझी आहे, ती अहवालात माझ्या नावाने लिहा."

कर्नलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मैडम, आप न बतातीं तो किसी को पता नहीं चलता."

"मला तर माहीत होतं ना."

त्यांनी बरोबरच्या एका मेजरला विचारलं, रेंजवर हा दोरा कुणी पाहिला नव्हता का. मेजर जरा चुळबुळले. हवालदाराने पाहिला होता म्हणाले. दारात टोक अडकतंय हेही पाहिलं होतं. पण पूजेचा धागा ओढून काढायचा कसा, म्हणून त्याने दार जरा जास्त जोर लावून बंद केलं होतं.

कर्नल हसले नाहीत, पण मिशी हलली. मग म्हणाले, आजपासून हुकूम काढतो, कुठल्याही डब्याला धागा बांधायचा नाही.

मी वर्गात बोलते तशी बोलून गेले. "हुकूम फाइलमध्ये राहील, सर. दसरा आला की तुमचीच माणसं नारळ घेऊन उभी राहतील. मी एकतीस वर्षं मनाई करते आहे आणि शेवटी मीच बांधला. त्यापेक्षा धाग्याला जागा द्या. बिजागरीपासून लांब, दाराच्या बाहेरच्या अंगाला एक कडी बसवा. बांधायचं तिथे बांधा."

माझ्या शेजारी बसलेल्या देवेंद्रने तोवर बैठकीच्या कागदाच्या पाठीवर कडी रेखाटलीसुद्धा होती. बोटभर व्यासाची, वेल्डिंग करून बसवायची. मेजरांनी अडचण काढली, की आराखड्यात प्रत्येक भागाचा उपयोग लिहावा लागतो, दिल्लीला काय सांगायचं? कुणी म्हणालं 'उचलण्याची कडी' लिहा, कुणी म्हणालं 'राखीव' लिहा.

"जे आहे ते लिहा," कर्नल शेखावत म्हणाले. "मौली बाँधने के लिए. आजच्या दिवसात इतकं खरं बोलणं झालंय, आता कडीवरून खोटं नको." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते लिहिलं.

माझी चूक अहवालात आली. तिसऱ्या पानावर, नावासकट. मी ते पान दोनदा वाचलं. वाटलं होतं तेवढं ते टोचलं नाही. त्याच्या खालच्याच ओळीत लिहिलं होतं, की यापुढे या डब्याची धूळ-चाचणी कडीला मौली बांधून घेण्यात यावी. तेव्हा कॉलेजच्या भांडार विभागाकडे आम्ही रीतसर मागणीपत्र पाठवलं: मौली, सुती, बारा लड्या. भांडारपालाने ते तीनदा परत पाठवलं, कारण मौली कुठल्या वर्गात मोडते हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी त्याने ती 'सील साहित्य' या वर्गात घातली. गुलाबरावांनी त्या मागणीपत्राची छायाप्रत काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

फेब्रुवारीत कडी बसवलेला डबा आला. मौली बांधून तीन चाचण्या घेतल्या आणि डबा रेंजवर रवाना झाला. या वेळी मी काही बांधलं नाही, फक्त कापड अंथरलं आणि ते रेंजवरून परत येईपर्यंत प्रमाणपत्रावरची सही राखून ठेवली.

मार्चच्या शेवटच्या दिवशी, गुलाबरावांच्या निरोप समारंभाच्या कचोऱ्या टेबलावर आल्या होत्या आणि तेवढ्यात टपाल आलं. कर्नलसाहेबांचं पाकीट. त्यात क्षेपणास्त्र लक्ष्यावर अचूक लागल्याची दोन ओळींची चिठ्ठी होती आणि माझं कापड होतं, चौपदरी घडी घातलेलं. मी ते उलगडून खिडकीच्या उजेडात धरलं. गुलाबराव चष्मा लावून कोपरा न् कोपरा बघत गेले, कुठेही रेघ नव्हती. मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाले, "बाईसाहेब, आता सही करा." मी केली. सही नेहमीसारखीच आली.

अवनीचा फोन संध्याकाळी आला. तिची बदली अजून झालेली नाही आणि ती मागतही नाही. मी तिला कापडाचं सांगितलं.

"म्हणजे आता आमच्याकडे येणार का ते?"

"अजून दोन-चार वर्षं लागतील. दिल्लीच्या लोकांना घाई कसली असते?"

ती हसली. उमाकांत शेजारून पॉलिसीचं काहीतरी म्हणाले. मग ती म्हणाली, "आई, पण इथली आंधी तू पाहिलेली नाहीस. मतलब, दुपारी चारला अंधार होतो. तेव्हाही त्याच्यात धूळ जाणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. या वेळी मला ठाऊक होतं.